मोठा टीव्ही घेताय? आधी घरातला उजेड बघा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली, तेव्हा भाचाही सोबत होता. बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. आमरस-पुरणपोळीचं जेवण झालं, सगळे पंख्याखाली आडवे झाले आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामा, हाऊ लेऊ का? पासष्ट इंची शे. आफर आजनीच शे."

प्लेस्टेशन ५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं कन्सोल, त्याच्याकडे आधीच होतं. आता टीव्ही घेऊन द्यायचं दाजींनी कबूल केलं होतं. मोबाइलवर टीव्हीच्या नावापुढे अक्षरांची माळच होती: फोर-के, क्यूएलईडी, एचडीआर, डॉल्बी व्हिजन, १२० हर्ट्झ, व्हीआरआर. यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याला पाठ होता. मी विचारलं, "तुमच्या पुढच्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेला आहे रे?" तो ताईकडे बघायला लागला. ताई म्हणाली, "पश्चिमेला. चारनंतर ऊन थेट सोफ्यावर येतं."

मोठा पडदा निवडण्याचा निम्मा निर्णय ताईच्या त्या उत्तरात होता. खोक्यावर काय काय लिहिलंय ते सगळे वाचतात. आपल्या खोलीत उजेड किती, आपण बसतो किती लांब आणि त्या पडद्यावर दिवसभर नेमकं काय चालणार, हे फार थोडे जण बघतात. या तीन गोष्टी हातात असल्या की ती अक्षरांची माळ सोडवणं अवघड नाही. ती सोडवूनच दाखवतो.

आधी दुकानाबद्दल. जळगावच्या सराफ बाजारात जुनी माणसं दागिना हातात घेऊन दाराशी येतात. आतल्या दिव्यांखाली सगळंच झळाळतं, सोन्याचा रंग दाराशी, दिवसाच्या उजेडात कळतो. टीव्हीच्या दुकानातही तसेच लख्ख दिवे असतात आणि प्रत्येक टीव्ही त्या दिव्यांवर मात करायला लावलेला असतो. त्यासाठी टीव्हीत दुकानाचा वेगळा मोडच असतो: ब्राइटनेस पूर्ण, रंग भडक, पांढरा निळसर. पडद्यावर काय, तर पोपट, फुलं, मधाची धार. यावल-रावेरकडच्या माणसाला केळीच्या पानाचा हिरवा वेगळा सांगावा लागत नाही. दुकानातल्या टीव्हीवरचा हिरवा बघितला की ते पान प्लास्टिकचं वाटतं. म्हणून दुकानदाराला दोनच गोष्टी करायला सांगा. एक, चित्राचा मोड बदलून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. दोन, आपण पेन ड्राइव्हवर आणलेलं रात्रीचं, अंधाराचं एखादं दृश्य लावा. उजेडातली दृश्यं सगळेच टीव्ही बरी दाखवतात. अंधार आला की एकेकाचं खरं रूप बाहेर येतं.

भिंतीवर पेपर लावून बघा

टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपे मोजतात. त्यामुळे ५५ आणि ६५ यांत दहाच इंचांचा फरक वाटतो, पण क्षेत्रफळ जवळपास ४० टक्क्यांनी वाढतं. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ उंच असतो. ६५ इंची १४४ बाय ८१ आणि ७५ इंची १६६ बाय ९३. आकडे वाचून काही कळत नाही. जुने वर्तमानपत्राचे कागद चिकटपट्टीने जोडून त्या मापाचा तुकडा करा, भिंतीवर लावा आणि आपल्या नेहमीच्या जागी बसा. पाच मिनिटांचं काम आहे.

अंतराचा हिशेबही सोपा आहे. टीव्हीचे जितके इंच, त्याच्या सव्वापट ते दीडपट इंचांवर बसलात तर चित्र डोळ्यांत भरतं आणि मानही इकडून तिकडे फिरवावी लागत नाही. म्हणजे ५५ इंचीला साधारण पावणेसहा ते सात फूट, ६५ इंचीला पावणेसात ते आठ, ७५ इंचीला पावणेआठ ते साडेनऊ. गेम खेळणारा जवळ बसतो, सिनेमा बघणारं कुटुंब थोडं मागे. जुन्या काळी 'टीव्हीच्या जवळ बसू नको' म्हणून ओरडा बसायचा, तेव्हा पडद्यावरच्या रेघा मोजता यायच्या. फोर-के पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० असे जवळपास ८३ लाख ठिपके असतात. सहा फुटांवरून त्यातला एकही सुटा दिसत नाही. याची दुसरी बाजू अशी, की १२ फुटांवर बसून ४३ इंची फोर-के बघणाऱ्याला त्या बारकाव्याचा काहीच फायदा होत नाही. तेवढ्या अंतरावरून साध्या फुल-एचडीतला फरक डोळ्यांना कळतच नाही. आठ-के बाजारात आहे, पण त्या दर्जाचं बघायला हातात जवळपास काही नाही. ते सोडून द्या.

ताईच्या खोलीत सोफा आणि भिंत यांत आठ फूट भरले. म्हणजे ६५ बसत होता. पण बसतो म्हणून तोच घ्यायचा असं नसतं. ते पुढे येईल.

पाट, वाफे आणि ठिबक

आता मुख्य गोष्ट: पडदा कोणत्या जातीचा. इथे नावांचा गोंधळ फार आहे. मला तो शेतातल्या पाण्यावरून समजावता येतो, कारण पडद्यातल्या उजेडाचं गणित थेट पाण्यासारखं आहे.

साधा एलईडी टीव्ही म्हणजे खरं तर एलसीडी. पडद्यामागे दिवे सतत पेटलेले असतात, आणि पुढे लाखो बारीक दारं असतात, द्रव-स्फटिकांची. जिथे उजेड हवा तिथे दार उघडतं, नको तिथे बंद होतं. पांझरा नदीकाठच्या फडात पाटाचं पाणी वाफ्यावाफ्याला देतात, तसंच. पाट वाहताच असतो, बारं देणारा माणूस मातीने तोंड बंद करतो, पण थोडं पाणी झिरपतंच. टीव्हीतही उजेड झिरपतो. म्हणून रात्रीच्या दृश्यात काळं आभाळ राखाडी दिसतं. दारं किती घट्ट बसतात त्यावरून एलसीडीचे दोन मोठे प्रकार पडतात. व्हीए पॅनेलची दारं घट्ट, त्यामुळे काळं चांगलं. पण बाजूला बसून बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेल कुठूनही बघा, रंग तेच. पण उजेड जास्त झिरपतो. व्हीएमध्ये पांढऱ्या आणि काळ्यातला फरक काही हजार पट असतो, आयपीएसमध्ये हजार पटींच्या आसपासच. समोर एकच सोफा असेल तर व्हीए. खोलीभर पाहुणे बसत असतील, कोणी बाजेवर, कोणी दारात, तर आयपीएसचा विचार करा.

यावर पुढची सुधारणा म्हणजे मागच्या दिव्यांचे गट करायचे. वाफे वेगळे केले आणि प्रत्येकाला आपला व्हॉल्व्ह लावला, की एका वाफ्याचं पाणी बंद करता येतं. यालाच लोकल डिमिंग म्हणतात, गटांना झोन. दिवे अगदी बारीक करून हजारोंनी बसवले की झालं मिनी एलईडी. झोन शेकडो असतात, महागड्या टीव्हीत काही हजार. पण ५०० झोन असले तरी एका झोनच्या वाट्याला १६ हजारांहून जास्त ठिपके येतात. त्यामुळे काळ्या आभाळात चंद्र असेल तर त्याच्याभोवती धूसर कडं दिसतं, कारण चंद्रासाठी अख्खा वाफा उजळावा लागतो. काही स्वस्त टीव्हींत दिवे फक्त कडेला असतात. त्यात 'डिमिंग' असं लिहिलेलं असलं तरी फार आशा ठेवू नका.

ओएलईडी म्हणजे ठिबक. मागे पाट नाही, वाफा नाही, प्रत्येक रोपाला स्वतःचा ड्रिपर. ८३ लाख ठिपक्यांतला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि नको तेव्हा पूर्ण विझतो. झिरपायला काही उरतच नाही. म्हणून ओएलईडीवर काळं खरोखर काळं दिसतं आणि अंधारातली एक पणतीसुद्धा जिवंत वाटते. ठिपका पेटायला-विझायला वेळही जवळपास लागत नाही, त्यामुळे वेगाने पळणाऱ्या चेंडूमागे शेपूट दिसत नाही. ५५ इंचांचे ओएलईडी टीव्ही २०१३ मध्ये बाजारात आले, तेव्हापासून चित्राच्या दर्जात त्यांच्यापुढे जाणं इतरांना अवघड झालं आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर अंधाऱ्या खोलीत, रात्री, सिनेमा बघायचा असेल तर ओएलईडीला तोड नाही.

मग क्यूएलईडी? नाव ओएलईडीसारखं दिसतं, आणि इथेच बरेच जण फसतात. क्यूएलईडी हा साधा एलसीडीच आहे, फक्त मागच्या निळ्या दिव्यापुढे क्वांटम डॉटचा थर असतो. हे अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश घेतात आणि अगदी शुद्ध लाल-हिरवा बाहेर देतात. लाल की हिरवा, हे कणाच्या आकारावर ठरतं. या शोधासाठी मौंगी बावेंडी, लुईस ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे शोध खराच मोठा आहे. पण तो रंग सुधारतो, अंधार नाही. क्यूएलईडीच्या मागे झोन आहेत का, हे वेगळं विचारावंच लागतं. २०२२ पासून क्यूडी-ओएलईडीही मिळतात. त्यांत ठिबकही आहे आणि क्वांटम डॉटही. चित्र देखणं, किंमतही तशीच.

आता ती पश्चिमेची खिडकी

उजेड मोजायचं माप म्हणजे निट. एक चौरस मीटर पृष्ठभागाने एका कँडेलाइतका, म्हणजे साधारण एका मेणबत्तीइतका उजेड दिला की झाला एक निट. स्वस्तातले फोर-के टीव्ही २५० ते ३५० निटांच्या आसपास असतात. चांगला मिनी एलईडी हजाराच्या पुढे जातो. ओएलईडीही छोट्या भागात, चंद्र किंवा दिवा दाखवताना, हजाराच्या आसपास किंवा त्याहून वरही पोहोचतो, पण अख्खा पडदा पांढरा झाला की बराच खाली येतो. क्रिकेटचं भर दुपारचं मैदान म्हणजे जवळपास अख्खा उजळ पडदा.

एचडीआरचा संबंध इथेच येतो. एचडीआर म्हणजे अंधार आणि उजेड यांतलं मोठं अंतर एकाच चित्रात दाखवणं. असं चित्र स्टुडिओत बहुधा १,००० निट किंवा त्याहून वरच्या पडद्यासाठी तयार होतं. ३०० निटांच्या टीव्हीवर 'एचडीआर' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की चित्रासोबत येणारा उजेडाचा संदेश त्याला वाचता येतो. वाचून करायला त्याच्याकडे उजेडच नसतो. मग तो सगळं चित्र दाबून बसवतो आणि कधीकधी एचडीआरचं दृश्य साध्यापेक्षाही काळवंडलेलं दिसतं. एचडीआर१०, एचडीआर१०+ आणि डॉल्बी व्हिजन हे त्या संदेशाचे प्रकार. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ मध्ये सूचना दृश्यागणिक बदलतात, साध्या एचडीआर१० मध्ये अख्ख्या सिनेमाला एकच. प्लेस्टेशन ५ डॉल्बी व्हिजन देत नाही, एचडीआर१० देतं. एक्सबॉक्स सिरीज एक्स या दुसऱ्या कन्सोलवर गेमसाठीही डॉल्बी व्हिजन आहे. भाच्याच्या यादीत डॉल्बी व्हिजनवर मोठी खूण होती. त्याच्या खेळाला त्याचा काही उपयोग नव्हता.

ताईच्या खोलीत चारनंतर ऊन. दाजी दुकानातून दुपारी जेवायला घरी येतात, बातम्या लावतात आणि टीव्ही संध्याकाळपर्यंत चालू राहतो. खाली तीच पट्टी, कोपऱ्यात तेच चिन्ह. ओएलईडीत हा धोका असतो: जे ठिपके रोज तेच काम करतात ते इतरांपेक्षा लवकर मंदावतात आणि त्या पट्टीचा पुसट ठसा कायमचा उमटतो. कंपन्यांनी यावर चित्र किंचित हलवण्यासारखे बरेच उपाय केले आहेत, सिनेमा-गेम असा फिरता वापर असेल तर फार काळजीचं कारण नाही. पण रोज सहा-सात तास एकच बातम्यांचं चॅनेल आणि त्यात उन्हाची खोली, अशा घरात मी ओएलईडी लावणार नाही. तिथे मिनी एलईडीच.

याउलट आमच्या अंमळनेरच्या घराचा जुना भाग धाब्याचा आहे. मातीच्या जाड भिंती, एक झरोका, भर मे महिन्यातही आत गारवा आणि दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. ओएलईडीसाठी याहून चांगली खोली शहरात पैसे मोजूनही मिळत नाही. आमच्याकडे धाब्याची घरं पाडून स्लॅब टाकताना एखादी आतली खोली ठेवली असेल, तर मोठा पडदा बैठकीत न लावता तिथे लावा. पाहुण्यांना दिसणार नाही, पण चित्र दिसेल.

कोणताही टीव्ही दारासमोरच्या भिंतीवर लावू नका. रात्रीच्या दृश्यात पडद्यात आपलंच दार आणि बाहेरचा ओटा दिसत राहतो. प्रोजेक्टरचंही इथेच सांगून टाकतो. शंभर इंची चित्र कमी पैशात मिळतं हे खरं, पण प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे त्या भिंतीवर आधीच असलेला अंधार. जत्रेतल्या तंबूत सिनेमा दिवस मावळल्यावर सुरू व्हायचा, त्याचं कारण हेच.

गेमसाठी वेगळं काय

भाच्याचा लाडका खेळ क्रिकेट. ताशी १४४ किलोमीटरचा चेंडू म्हणजे सेकंदाला ४० मीटर. खेळपट्टी २० मीटरची, म्हणजे फलंदाजाकडे जेमतेम अर्धा सेकंद. बटण दाबल्यापासून पडद्यावर बॅट हलेपर्यंत जो वेळ जातो, त्याला इनपुट लॅग म्हणतात. टीव्ही आलेलं चित्र तसंच दाखवत नाही. आधी ते गुळगुळीत करतो, रंग चढवतो, मधल्या फ्रेम (दोन चित्रांमधली चित्रं) स्वतः बनवून घालतो. या साजशृंगारात ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. शंभर मिलिसेकंद म्हणजे त्या अर्ध्या सेकंदाचा पाचवा हिस्सा. मुलाचा टायमिंग चुकतो आणि तो कंट्रोलरला दोष देतो. गेम मोड लावला की टीव्ही ही सगळी सजावट बाजूला ठेवतो आणि लॅग १०-१५ मिलिसेकंदांवर येतो. हा मोड बहुतेक टीव्हींत असतो, फुकट असतो आणि बऱ्याच घरांत कधी लावलेलाच नसतो. 'एएलएलएम' ही सोय असलेला टीव्ही कन्सोल सुरू झालं की तो आपोआप लावतो. लॅग आणि रिस्पॉन्स टाइम या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. रिस्पॉन्स टाइम म्हणजे एका ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ. दुकानात 'एक मिलिसेकंद' म्हणून सांगतात तो हा.

हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १२० वर ८.३. फरक हाताला जाणवतो, डोळ्यांना नंतर. सिनेमालाही त्याचा फायदा आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. ६० ला २४ ने नीट भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा दाखवून जुळवाजुळव करावी लागते, आणि कॅमेरा हळू फिरताना चित्र अडखळतं. १२० ला २४ ने बरोबर पाच वेळा भाग जातो.

या हर्ट्झच्या आकड्यात मी स्वतः ठेचकाळलो आहे. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या टीव्हीच्या खोक्यावर '१२०' ठळक छापलं होतं, त्याच्या आधी 'मोशन' असा काहीतरी शब्द. विकणाऱ्यानेही १२० च सांगितलं. घरी कन्सोल जोडलं, सेटिंगमध्ये गेलो, तिथे ६० च्या पुढे पर्यायच नव्हता. खोक्यावरचा आकडा सॉफ्टवेअरने घातलेल्या मधल्या फ्रेमचा होता, पॅनेल ६० चंच. बिल झालं होतं, खोकं फाडलं होतं, परत घ्यायला कोणी तयार नव्हतं. तो टीव्ही अजून आईच्या खोलीत चालू आहे आणि त्यावर हरिपाठ उत्तम दिसतो, पण ज्यासाठी पैसे दिले ते मिळालं नाही. म्हणून विचारायचा प्रश्न नेमका हा: "पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट किती? एचडीएमआयवर फोर-के १२० हर्ट्झ घेतो का?" (एचडीएमआय म्हणजे कन्सोलची केबल लावायचं पोर्ट.) फोर-के आणि १२०, दोन्ही एकाच दमात विचारा. काही ६० हर्ट्झच्या पॅनेलवर उभे ठिपके निम्मे करून १२० दाखवतात. ती वेगळी गोष्ट झाली.

खोक्यावर नुसतं 'एचडीएमआय २.१' वाचूनही समाधान मानू नका. जुन्या २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जायचे, २.१ मधून ४८ पर्यंत जाऊ शकतात. 'जाऊ शकतात' हा शब्द महत्त्वाचा, कारण २.१ चं नाव लावायला सगळ्या सोयी देणं बंधनकारक नाही. बऱ्याच टीव्हींत चार पोर्टपैकी दोनच पोर्ट १२० हर्ट्झ घेतात, आणि त्यातलंच एक साउंडबारला (टीव्हीखालच्या लांबट स्पीकरला) आवाज पोहोचवणाऱ्या ईएआरसी जोडणीसाठी अडकतं. घरात कन्सोल, संगणक आणि साउंडबार तिन्ही असतील तर हे आधी मोजून घ्या. काही टीव्हींत त्या पोर्टचा सिग्नल फॉरमॅट सेटिंगमधून वाढवावाही लागतो. तोवर १२० दिसतच नाही.

व्हीआरआर मला सगळ्यात आवडलेली सोय. गेममध्ये दाट जंगल आलं की कन्सोल दमतं, सेकंदाला ६० ऐवजी ५२ चित्रं देतं. टीव्ही आपल्या ठरलेल्या ठेक्यात नवं चित्र मागत राहतो, आणि वरचा भाग नव्या चित्राचा, खालचा जुन्या, असं चित्र फाटतं. व्हीआरआरमध्ये टीव्ही आपला ठेका सोडतो आणि पखवाजाकडे बघून टाळकऱ्याने ताल धरावा तसा कन्सोलच्या मागे जातो. प्लेस्टेशन ५ ला ही सोय २०२२ मध्ये अपडेटमधून मिळाली.

एक मात्र सांगायला हवं. कन्सोलवरचे बहुतेक मोठे गेम आजही ३० किंवा ६० फ्रेमनेच चालतात. जुनं प्लेस्टेशन ४ असेल किंवा मुलगा आठवड्यातून दोनदाच खेळत असेल, तर ६० हर्ट्झचा चांगला पडदा पुष्कळ झाला. वाचलेले पैसे झोनांवर आणि निटांवर घाला. आणि टेबलाशी बसून संगणकावर खेळणाऱ्याला मोठा टीव्ही नकोच, २७ किंवा ३२ इंची मॉनिटर बरा.

घरातल्या इतरांचा टीव्ही

मोठ्या पडद्यावर सगळंच चांगलं दिसेल असं वाटतं. तसं नसतं. डिशवरचं साधं एसडी चॅनेल ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे चार लाखांच्या थोडं वर. ते ८३ लाखांवर पसरवायचं म्हणजे एका ठिपक्याचे वीस करायचे. टीव्ही अंदाजाने जागा भरतो, चेहरे मेणाचे दिसतात. आजोबा रोज ज्या चॅनेलवर कीर्तन बघतात ते एचडीत मिळतं का, हे बघून ते आधी घ्या. फोर-के सिनेमा नेटवरून बघायला १५ ते २५ एमबीपीएसचा स्थिर वेग लागतो. तालुक्याच्या गावी फायबर आलं असेल तर अडचण नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र चित्र दर थोड्या वेळाने खाली उतरेल.

आवाजाबद्दल थोडक्यात: पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते. बजेटमधून साउंडबारचे पैसे आधीच बाजूला काढा.

आपलं ऊन आणि आपली लाइट

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो. बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तकात वापराचं कमाल तापमान ४० अंश दिलेलं असतं. बंद खोली, पत्र्याचं छप्पर आणि पूर्ण ब्राइटनेसवरचा टीव्ही, हे एकत्र आलं की पॅनेल आणि वीजपुरवठ्याचा भाग, दोन्हींचं आयुष्य कमी होतं. टीव्ही लाकडी कपाटात गच्च बसवू नका, मागे हात जाईल एवढी मोकळी जागा ठेवा, दुपारी ब्राइटनेस वाढवण्याऐवजी खिडकीचे पडदे ओढा. कूलरचा झोत टीव्हीवर येऊ देऊ नका, त्या हवेत ओल असते आणि धूळही.

आजचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे कमी दाबाची भीती फारशी नाही. भीती आहे ती अचानक वाढलेल्या दाबाची. वादळात न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टांच्या जवळपास दाब येऊ शकतो. त्यावर उपाय तीन: जास्त दाबाला वीज तोडणारा स्टॅबिलायझर, चांगलं अर्थिंग आणि मेमधल्या अवकाळीत वीज कडाडायला लागली की प्लग काढणं. प्लगसोबत डिशची केबल आणि नेटची वायरही काढा. बऱ्याच घरांत प्लग काढलेला असतो आणि वीज डिशच्या केबलमधून येते.

खरेदीचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्याआधीचे भाव ऐकून हिशेब करू नका. नंदुरबार-धुळ्याकडून कितीतरी लोक सुरतेहून टीव्ही आणतात, दोन-चार हजार वाचतात. आमच्या शेजाऱ्यांनी तसाच आणला, पिकअपमध्ये पोत्यांवर आडवा टाकून. घरी लावला तर पडद्यात डावीकडून उजवीकडे काळी फट. मोठा पडदा नेहमी उभाच न्यायचा, आडवा टाकला की मध्ये वाकतो. पडदा फुटला तर वॉरंटी लागू होत नाही, आणि नवं पॅनेल जवळपास टीव्हीच्याच किमतीला पडतं. त्यापेक्षा ज्या कंपनीचा माणूस आपल्या गावी दुरुस्तीला येतो तिचाच टीव्ही घ्या, घरपोच मागवा आणि खोकं कंपनीच्या माणसासमोरच उघडा.

ताईकडे शेवटी ५५ इंची आला. त्याच पैशात ६५ चा साधा मिळत होता आणि भाच्याचा जीव त्यावर होता. पण उन्हाची खोली, दाजींच्या बातम्या आणि फोर-के १२०, तिन्ही सांभाळणारा मिनी एलईडी ५५ मध्येच बसत होता. पेपरचा तुकडा दोन दिवस भिंतीवर बघून त्याने मान डोलावली. टीव्ही बसवला त्या रात्री मी धुळ्यात ताईकडेच होतो. पडदे ओढले, दिवे घालवले, सिनेमा मोड लावला आणि पूर्ण काळं चित्र सुरू केलं, मधोमध एक लहान पांढरा ठिपका. अडकलेले ठिपके आणि कडेचा झिरपता उजेड असाच तपासायचा असतो, आणि तो पहिल्या दोन-चार दिवसांतच, परत देण्याची मुदत असेपर्यंत. ठिपक्याभोवती पुसट कडं दिसत होतं, अपेक्षेइतकंच. बाकी पडदा भिंतीत मिसळून गेला होता. मी तो ठिपकाही घालवला.

"मामा, बंद पडना का?" भाच्याने अंधारातून विचारलं.

"नाही. चालूच आहे," मी म्हणालो आणि कंट्रोलर त्याच्या हातात दिला.